यीशुनच्या सरपंचांची आवळी

आमचे सरपंच घोरपडीला 'अहो' म्हणत. यीशुनच्या तळ्याकाठी सकाळी फिरताना एखादी घोरपड आडवी आली, की ते बाजूला उभे राहायचे, "जा तुम्ही आधी," म्हणायचे आणि आम्हाला सांगायचे, "इथल्या जुन्या रहिवासी आहेत त्या." काकूंना मात्र ते 'अगं ए' म्हणत.

वास्तविक सरपंच म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले अकाउंटंट. मुलगी मेलबर्नला गेल्यावर त्यांनी बिशानचा फ्लॅट विकून शहराच्या पार उत्तरेला, तळ्यासमोर घर घेतलं आणि त्या दिवसापासून यीशुनच्या अब्रूचा सगळा भार स्वतःच्या डोक्यावर घेतला. पदवी आम्हीच दिली. "हवा बघा," ते म्हणायचे, "बिशानला आहे का ही?" आम्ही घामाने निथळत मान डोलवायचो. तिथल्या कम्युनिटी क्लबात ते चिनी आज्यांबरोबर लाइन डान्स करत. सगळ्या डावीकडे वळल्या की हे उजवीकडे. तरी त्या आज्यांचा त्यांच्यावर भारी जीव.

आम्ही बिशानकर एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, मोजक्या स्टेशनांवरच्या यीशुनला परदेश समजायचो. "यायचंय हो, पण फार लांब पडतं," हे आमचं ठरलेलं वाक्य. काकूंनी एकदा माझ्या बायकोला सांगितलं, की हे दर रविवारी कुणी येईल म्हणून जास्तीचे पोहे भिजवतात आणि मग दोघं रात्रीही पोहेच खातात. ऐकून आम्ही हळहळलो आणि बिशानलाच थांबलो.

शेवटी सरपंचांनी आमच्या मराठी मंडळाच्या बैठकीत जाहीर केलं, की यंदाचं आवळीभोजन आमच्या तळ्याकाठी करा. नाही आवडलं, तर पुन्हा कधी बोलावणार नाही. अडचण एकच होती. जेवायचं आवळीच्या झाडाखाली, आणि तळ्याकाठी आवळीच नव्हती. सरपंचांनी लाइन डान्समधल्या एका आजीला आवळीच्या पानांचा फोटो दाखवला. "गॉट, गॉट," आजी म्हणाली, आणि तिच्या बागेतून एक कुंडी आली.

कार्तिकातल्या त्या रविवारी आम्ही भरीत-भाकरी आणि मसालेभात घेऊन पोचलो, तर आवळी गुडघ्याएवढीही नव्हती. सरपंचांनी तिच्या सावलीचा मान म्हणून ज्येष्ठ मंडळींना कुंडीला अगदी चिकटून बसवलं. पूजेला पहिली माझी बायको बसली. तिने हळदकुंकू वाहिलं, तशी पानं पटापट मिटली. ती दचकून मागे सरली. सरपंच मात्र गहिवरले.

"नमस्कार करतेय आवळी," ते म्हणाले. "बिशानला करेल का?"

माझ्या मुलीने कुंडीत वाकून पाहिलं. "अंकल, धिस वन मिमोसा, लाह. टच, देन इट स्लीप."

लाजाळू. सगळं मंडळ हसून हसून आडवं झालं. एकाच्या नाकातून ताक आलं. सरपंचांचा चेहरा पडला. ते कुंडी उचलून न्यायलाच निघाले होते, पण तोवर मुलांनी रांग लावली होती. बोट लावायचं, पानं मिटवायची, ती उघडेपर्यंत तळ्याकाठी पळून यायचं आणि पुन्हा रांगेत. त्यांना घरी न्यायला संध्याकाळ झाली. पुढच्या शनिवारी मुलगीच विचारू लागली, यीशुनला कधी जायचं म्हणून.

मग आम्ही जातच राहिलो. कधी पोहे, कधी पाणमांजरं बघायला, कधी उगाच. आवळीभोजनही तिथेच, लाजाळूलाच हळदकुंकू वाहून.

गेल्या वर्षी काकूंच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलीने दोघांना मेलबर्नला बोलावून घेतलं. निरोपाला इतके लोक जमले, की चपला लिफ्टपर्यंत पोचल्या. लाइन डान्सच्या आज्याही आल्या होत्या. सरपंच दाराशी उभे राहून आतली गर्दी बघत होते. बसायला जागा नव्हती, चहा दुसऱ्यांदा उकळत होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "एवढी माणसं होतील हे आधी कळलं असतं, तर मुलीलाच इकडे बोलावलं असतं रे."