धवलारणीचं चिनी चाटण

"वाचू नको, चाट."

ती मला उद्देशून बोलली ते हे पहिलं वाक्य. वसईच्या खाडीकाठच्या एका गावात आगरी घरची हळद होती. मी तिथे कॅमेरा लावत होतो आणि मधूनमधून खोकत होतो. शेजारी बसलेल्या म्हातारीने कापडी पिशवीतून तपकिरी बाटली काढली, चमच्यात काळं, मधासारखं घट्ट काहीतरी ओतलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. बाटलीवर सगळी चिनी अक्षरं. मी आपला शहाणा माणूस, बाटली फिरवून फिरवून बघायला लागलो, तेव्हा ती हे बोलली.

मी चाटलं. आधी गोड, मग कडसर, मग घशात गारगार. खोकला थांबला की नाही आठवत नाही, पण बराच वेळ मला बोलता आलं नाही. ती बाजूच्या बाईला म्हणाली, "बग, फोटोवाला गप झाला. आता फोटो तरी धड काढील."

तुमच्यापैकी ज्यांनी आमच्याकडची आगरी लग्नं पाहिली आहेत त्यांना धवलारीण सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. मांडव घालायचा असो, हळद लावायची असो, प्रत्येक विधीला एक गाणं लागतं. ते गाणं म्हणजे धवला आणि तो गाणारी ती धवलारीण. माईक नाही, पेटी नाही, नुसता घसा. ती एक ओळ गाते, तिच्या जोडीची बाई तीच ओळ उचलते. हळदीआधीच्या धवल्यात तर ती देवांना एकेकाला नाव घेऊन मांडवात बोलावते. गावदेवी, विहिरीवरचा, बांधावरचा, असं करत शेवटी खाडीवरचा. सगळे आल्याशिवाय हळदीला हात लागत नाही. मी विरारचा, लग्नांचे फोटो काढणारा, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. ही म्हातारी त्या भागातली धवलारीण; ते सगळं मी हिच्या शेजारी उभं राहून शिकलो.

चिनी औषधाचं खूळ तिच्या डोक्यात उगाच शिरलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या मुलाच्या लग्नात, नेमकं हळदीच्या दिवशी, खोकून खोकून तिचा आवाज बसला. आयत्या वेळी दुसऱ्या गावची धवलारीण आणावी लागली. सून तशी गोड स्वभावाची, पण भांडण रंगात आलं की हमखास म्हणायची, "माझ्या लग्नाला देव पन उसने आनलेले." पुढे बोटीवर कामाला असलेल्या भाच्याने सिंगापूरहून ही बाटली आणली. चिनी लोक खोकल्या-सर्दीला पिढ्यान्‌पिढ्या हेच घेतात, असं त्याने सांगितलं. तेव्हापासून ती बाटली पिशवीत नसेल तर ही बाई उंबरा ओलांडत नसे.

एकदा कळंबला एका हळदीत गंमत झाली. हळदीच्या ताटाशेजारी तिने बाटली ठेवली होती. नवरदेवाच्या उत्साही मावशीला ते डोक्याचं तेल वाटलं. तिने बाटली उपडी केली आणि नवऱ्या मुलाच्या टाळूवर चांगलं चोळून चोळून जिरवलं. थोड्या वेळाने मांडवातल्या मुंग्यांना आमंत्रण पोचलं. नवरदेव पाटावर बसून नाचतोय, वऱ्हाडी टाळ्या वाजवताहेत, मी व्हिडिओ काढतोय. ही मात्र रिकामी बाटली उलटी धरून हळहळत होती, "अख्ख्या लग्नसराईचा घसा त्याच्या टकुऱ्यात गेला!"

तिची नात विरारच्या एका बँकेत नोकरीला. कानात सदा हेडफोन, येता-जाता "आजी, बाय" एवढंच. तिचं लग्न ठरलं आणि म्हातारीने घरात जाहीर केलं, "हिचे देव मीच बोलावनार. उसना एक पन नाय." मुलाकडच्यांना राजोडीला समुद्राजवळच्या रिसॉर्टवर हळद हवी होती. तिने साफ नकार दिला. म्हणाली, "देवांना राजोडी ठाव हाय. पन हितलं दार सोडून ते तिकडं कनाला येतील?" मांडव दारातच पडला.

पण घसा ऐकेना. लग्नाच्या आधीच तो खरवडल्यासारखा झाला. डॉक्टरने तपासलं, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाला, मात्र घसा पूर्ण बंद ठेवायला सांगितला. ती मला फोनवर फुसफुसली, "मी घसा बंद ठेवते. मग लगीन डाक्टर लावील का?" आणि नेमकी बाटली संपली होती. भाच्याची बोट कुठल्या तरी लांबच्या बंदरात अडकलेली.

तिने मला बोलावून घेतलं. रिकाम्या बाटलीवर मोबाईल धरून मी चिनी अक्षरांचा अर्थ काढत होतो आणि ती बोटांवर मोजत ऐकत होती. मध, आलं, ज्येष्ठमध, संत्र्याची साल.

"ह्ये तं सगलं आपलंच," ती म्हणाली. "चिन्यांनी निस्तं आटवलंय."

"आजी, लोकाट नावाच्या झाडाची पानं पण आहेत. ते झाड आपल्याकडे नाही."

"मंग अडुलसा टाकते. पान ते पान."

परसात चूल मांडली गेली. टोपात सगळं पडलं, वर अंदाजाने गूळ. सून ढवळायला, ही हुकूम सोडायला. घट्ट व्हायला हवं, घट्ट व्हायला हवं, म्हणत तिने ते इतकं आटवून घेतलं की थंड झाल्यावर टोपात चमचा उभा राहिला तो निघेचना. शेवटी वरवंट्याने फोडून खडे करावे लागले. ते खडे तिने आल्या-गेल्याला वाटले. डीजेवाल्याने मोठा खडा दाढेत धरला आणि पुढे तासभर तो सगळ्यांना हातवारे करून उत्तरं देत होता.

हळदीची सकाळ उजाडली. नात पिवळ्या साडीत पाटावर बसली. म्हातारी समोर. तिने पहिली ओळ घेतली आणि जवळच्या बायकांनाही ती धड ऐकू गेली नाही. मी पुढे झालो, माझा छोटा माईक तिच्या पदराला लावला आणि डीजेवाल्याला खूण केली. लग्नात हिंदी गाणी दणदणवणाऱ्या त्या भोंग्यांतून धवला यायला लागला. घोगरा, दमलेला, पण तिचाच. गावदेवी आली. विहिरीवरचा आला.

बांधावरच्या देवाचं नाव झालं आणि खोकला आला. तो थांबल्यावर तिने मान वर केली, तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. जोडीची बाई ओळ उचलायला तयार होती, पण उचलणार काय? पुढचा देव कोणता हे म्हातारीला एकटीलाच ठाऊक. पदराला माईक आहे हे विसरून म्हातारी सुनेला पुटपुटली, "अर्धे देव वाटंवर उभे हायेत गो. आता परत उसने आनू?"

भोंग्यांतून हे सगळ्या गावाने ऐकलं. कोणी हसलं, पण सून हसली नाही. तिने सासूचा हात घट्ट धरला.

तेवढ्यात पाटावरून पुढच्या देवाचं नाव आलं. नातीने गायला सुरुवात केली होती. अगदी त्याच चालीत, त्याच हेलकाव्यात. कानात हेडफोन घालणाऱ्या मुलीच्या कानांनी लहानपणापासून काय काय साठवलं होतं, देव जाणे! एक काकू दचकून म्हणाली, "अगो, नवरी कुठं गाते काय?" पण जोडीच्या बाईने ओळ उचललीही होती. म्हातारी डोळे मिटून, तोंड उघडं ठेवून, एकेका शब्दावर ओठ हलवत होती. गालांवरून पाणी वाहत होतं. एका नवरीने स्वतःच्या हळदीला स्वतःच देव बोलावले. इतका आनंद मी दुसऱ्या कुठल्या मांडवात पाहिलेला नाही.

गाणं संपलं तशी म्हातारीने डोळे पुसले आणि फुसफुसली, "खाडीवरला राहिला. त्याला पन बोलव." नातीने त्यालाही बोलावलं. मगच हळदीला हात लागला.

आता नात लग्नसराईत बँकेतून रजा काढते आणि गावोगावी गाते. म्हातारी गेल्या वर्षी झोपेतच शांतपणे गेली. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून नात माझ्याकडे आली. मी सगळी लग्नं चाळली. तोंड मिटलेला तिचा एकही फोटो सापडला नाही. म्हातारीचा मुलगा म्हणाला, भिंतीवर असा फोटो कसा लावायचा? नातीने ऐकलं नाही. तिने त्याच हळदीतला निवडला. मान वर, डोळे मिटलेले, तोंड पूर्ण उघडं.

घरी कोणी नवा पाहुणा आला की फोटोपाशी थांबतो आणि म्हणतो, "काय खणखणीत आवाज असेल हो!" घरचे हसून हो म्हणतात. त्या क्षणी मांडवात घुमत होता तो आवाज नातीचा होता, हे आम्हा तिथे असलेल्यांनाच ठाऊक आहे.