माहेरी पोचलेला गडी

बेसबॉल हा खेळ जगात कोठेही जन्मलेला असो, तो मराठी बोलू लागला तो आमच्या व्याह्यांच्या तोंडून. आणि या विधानावर कोणाशीही, कधीही वाद घालण्याची माझी तयारी आहे. दुबईच्या ऊद मेथा भागातल्या आमच्या मराठी मंडळींमध्ये त्यांच्याविषयी अनेक कथा फिरतात आणि त्या बहुतेक खोट्या आहेत. इथल्या मराठी मंडळाचे चिटणीस सांगतात की व्याही अमेरिकेत खेळाडू नव्हतेच, संघाला पाणी पाजायला होते. साफ खोटे! जळगावच्या शाळेच्या मैदानावर सॉफ्टबॉल फेकणारा हा माणूस, मक्याच्या शेतांनी वेढलेल्या एका अमेरिकन गावाच्या व्यावसायिक संघात दोन हंगाम पिचर होता, म्हणजे चेंडू फेकण्याचा पगार घेत होता. खांदा निखळला आणि कारकीर्द संपली. खुद्द व्याही सांगतात, "खांदा विश्रांतीला गेला, मी नाही." ही त्यांची आवृत्तीही मला मान्य नाही. खांद्यासोबत तेही खेळातून बाहेर पडले, आणि तडक दुबईत येऊन क्रीडासाहित्याच्या एका गोदामाचे व्यवस्थापक झाले.

खांदा मात्र पूर्ण विश्रांतीला कधीच गेला नाही. या गृहस्थांना वस्तू हातात देता येत नाही, ती फेकावी लागते. लिंबू, गाडीची किल्ली, औषधाची पट्टी, काहीही मागा, ते डोळे बारीक करून, डावा पाय किंचित उचलून फेकणार. मुलांच्या लग्नात सीमांतपूजनाच्या वेळी त्यांनी मानाचा नारळ माझ्याकडे फेकला. भटजी खाली वाकले म्हणून वाचले. मी तो झेलला. "वा! सोयरीक जमली!" असे ते सर्वांसमक्ष ओरडले. चिटणीस आजही सांगतात की नारळ माझ्या हातातून सुटला. तो सुटला नाही. त्या दिवशी माझी अंगठी वाकली, ती मी कोणालाही दाखवू शकतो.

गोदामातली नोकरी वयोमानाने संपली, तेव्हा त्यांच्या व्हिसाचाही शेवट जवळ आला. पत्नी पूर्वीच निवर्तलेली, मुलगी एकच, आणि ती आमच्या घरात. माझ्या मुलाने मोठ्या आदराने सुचवले की आमच्याकडेच या, व्हिसाचे मी पाहतो. व्याही ताठ झाले. "मुलीच्या घरी चार घटका बसावं, चहा घ्यावा, निघावं. जावयाच्या व्हिसावर राहायचं? खलास! त्यापेक्षा जळगाव बरं."

"मी त्याच मुलाच्या व्हिसावर राहतो," मी कडाडलो, "मग मी काय निर्लज्ज?"

"तुमचा तो मुलगा, व्याहीबुवा. माझा तो जावई."

सूनबाईने त्या आठवड्यात वडिलांच्या सामानाची यादी दोनदा केली आणि दोनदा फाडली. वडील इथे आहेत, दर शुक्रवारी त्यांच्याकडे जाऊन दुपारी हक्काने झोपता येते, एवढेच तिचे परदेशातले सुख होते.

अशा वेळी, दुबईत आता बेसबॉलचे सामने होऊ लागल्यामुळे, एका वाहिनीला मराठी समालोचक हवा झाला. एका सामन्यावर परीक्षा. पसंत पडले तर करार आणि व्हिसा, नाहीतर जळगाव. निर्मितीची जबाबदारी शारजात वाढलेल्या एका मराठी मुलीकडे होती. व्याह्यांनी मलाही सोबत नेले होते. तिने पहिल्याच बैठकीत बजावले, "अंकल, होम प्लेटला होम प्लेटच म्हणा हं. सिंपल ठेवा."

"बाई, गडी जिथून निघतो, सगळीकडे फिरून दमून तिथेच परत येतो, आणि एकदा पोचला की त्याला कोणी हात लावू शकत नाही. याला मराठीत शब्द आहे. माहेर."

"पण तो मुलगा आहे ना, अंकल!"

"म्हणून काय त्याने आयुष्यभर सासरीच उभं राहायचं?"

ती हसली, हो म्हणाली नाही. तिथून परतताना मीही त्यांना समजावले की हट्ट सोडा. ते म्हणाले, "इन्शाल्ला," आणि या माणसाच्या तोंडी त्या शब्दाचा अर्थ नेहमी 'नाही' असाच होतो.

सामन्याच्या दिवशी आमच्या दिवाणखान्यात सगळे टीव्हीसमोर बसलो. बराच वेळ व्याही घाबरलेले होते. आवाज सरकारी पत्रकासारखा येत होता. आणि मग एक गडी तिसऱ्या तळावर, म्हणजे होम प्लेटच्या एकच टप्पा अलीकडे, अडकला. "तिसऱ्या तळावर उभा आहे," व्याही म्हणाले, "माहेर समोर दिसतंय, पण धाडत कोणी नाही." सूनबाईने हातातली कणीक तशीच ठेवली. तेवढ्यात चेंडू टोलवला गेला. "निघाला! पिशवीसुद्धा न घेता निघाला! दारात कॅचर, हातमोजा घालून भावजय उभी आहे, आत येऊ देत नाही! अहो वहिनी, सरका! घसरला... पोचला! माहेरी पोचला!"

माझी नात ओरडली, "ओह माय गॉड, आजोबा इज सो फनी!" आणि आमच्या मजल्यावरच्या तीन दारांमागून बायकांचे हसणे ऐकू आले. चिटणीस म्हणतात, आवाजामुळे नेमणूक झाली; काही जण म्हणतात, वशिल्याने. दोन्ही खोटे. शारजाच्या त्या मुलीने सामना संपताच त्यांना सांगितले, "अंकल, माझी मम्मी रडतेय. करार पाठवते."

सूनबाईने लगेच फोन लावला. "बाबा, भावजय कुठून काढलीत? मला तर भाऊच नाही."

"म्हणून तर तो आत जाऊ शकला," पलीकडून उत्तर आले. सूनबाईने फोन ठेवला आणि शुक्रवारची पिशवी आत्ताच भरायला घेतली.

करार एका हंगामाचा असतो. पुढच्याचे कोणी बोलत नाही, आणि मी विचारतही नाही. सातव्या डावानंतर हल्ली त्यांचा आवाज बसतो. म्हणून प्रत्येक सामन्याला मी ज्येष्ठमधाचा काढा घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसतो. कोणी विचारले तर सांगतो की मला खेळ पाहायचा आहे. खरे म्हणजे तो खेळ मला अजून कळत नाही.