खाणीतलो आसा

दाजीकाकांनी मला उद्देशून म्हटलेलं पहिलं वाक्य होतं, "जरा मागे सर गो, तुझ्या ड्रेसाचो पिवळो रंग हिऱ्यात उतरता." मी तेव्हा दहावीत होते. आई त्यांना आपल्या कुड्या दाखवायला गेली होती. मी इतकी मागे सरले की थेट पायरीवर पोचले.

मुंबईत बत्तीस वर्षं हिरे पारखून ते मालवणात आमच्या शेजारी परतले होते. मागच्या पडवीत, सकाळच्या उजेडात, पांढऱ्या कागदाच्या घडीत खडा उपडा ठेवून बघत. दुकानात जायला नकार देत. "दिव्याखाली सगळेच हिरे बरे दिसतत." मला भिंग देऊन त्यांनी शिकवलं: आधी कट, मग रंग, शेवटी डाग. कडेचा डाग चालतो, मधला उजेड अडवतो. इंग्रजी शाळेमुळे माझी मालवणी अडखळायची. तिथे नुसतं बघायचं असे, ते मला बरं वाटे.

माझ्या साखरपुड्याच्या अंगठीतला हिरा प्रयोगशाळेत वाढवलेला होता. खोटा नव्हे, हिराच. पण खाणीतला नव्हे. निखिलने आणि मी तो ठरवूनच घेतला होता. मोठी माणसं नकली म्हणतील म्हणून घरी बोललो नव्हतो. आत्याने अंगठी दाजीकाकांपुढे धरली. त्यांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. "खाणीतलो आसा. कटय बरो."

सगळे खूश झाले. मी अंगठी परत बोटात घातली. ते चुकू शकतात, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

तीन महिन्यांनी ते आमच्या दारात उभे राहिले. मुंबईच्या जुन्या सोबत्याने पुढे ठेवलेल्या दोन खड्यांपैकी खाणीतला कुठला ते त्यांना ओळखता आलं नव्हतं. आता भिंगाने ते कुणालाच कळत नाही, असं तो म्हणाला होता.

"तुझी अंगठी मशीनवर तपासून घे. माझो शब्द धरू नको," म्हणून त्यांनी हात जोडले.

मला ते बघवेना. "काका, मला माहीत होतं."

ते ओट्यावर बसले. मी त्यांचा मान राखला, असं मला इतके दिवस वाटत होतं.

"तुझ्यामागसून मी आणखी दोगांक तसांच सांगलंय," ते हळू म्हणाले. "तू तेव्हाच बोललं असतंस तर तां झाला नसता."

ते उठून चपला घालू लागले. मीही निघाले. नको म्हणाले, मी ऐकलं नाही.

त्या दोघांपैकी पहिल्याच्या घराचं दार एका अनोळखी बाईंनी उघडलं. दाजीकाकांनी हात जोडले. ते तोंड उघडण्याआधीच मी म्हणाले, "यांची चूक नंतरची. आधी माझी ऐका."