दाजींचा दुसरा सीझन

आमच्या दाजींइतका भांडखोर माणूस अख्ख्या बहरीनमध्ये सापडायचा नाही, आणि ऐन गरजेच्या वेळी त्यांचा हा भांडखोरपणा कुठे गेला होता, याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही. दाजी म्हणजे माझ्या मावसबहिणीचे यजमान. मआमीरच्या एका गॅरेजात ते गाड्यांचे एसी दुरुस्त करतात. पण कुणी धंदा विचारला तर "प्रोफेशनल बेसबॉल प्लेअर" असं सांगतात, आणि ते खरं आहे. कराडकडच्या शाळेत ते सॉफ्टबॉल शिकले, पुढे राज्याकडून बेसबॉल खेळले, पोटासाठी इथे आले. दुबईत पगारी खेळाडूंची लीग निघाली, तेव्हा रजा टाकून निवडीला गेले आणि एक सीझन कॅचर म्हणून खेळून आले. कॅचर म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलणारा गडी. त्याला विकेटकीपर म्हणणाऱ्याशी दाजी महिनाभर बोलत नाहीत. बसण्याची सवय तर अशी जडलीय, की ताईने हौसेने घेतलेला सोफा रिकामा ठेवून ते त्याच्यापुढे उकिडवे बसतात. बँकेतही तसेच बसले, तेव्हा तब्येत बिघडली की काय म्हणून वॉचमन धावत आला. त्याची दाजींनी आधी हजेरी घेतली आणि मग त्याला सगळा खेळ समजावून सांगितला. आमचा नंबर निघून गेला.

क्रिकेटवर त्यांचा जुना राग. तरी शुक्रवारी बुसैतीनच्या मैदानावर आमच्या मंडळाचा संघ त्यांना आग्रहाने नेतो, कारण सीमेवरून ते चेंडू फेकतात तो सरळ स्टंपावर. पंचाईत होते ती फलंदाजीत. बेसबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट टाकून पळायचं असतं. दाजी चेंडू मारतात, बॅट भिरकावतात, आणि धुळीत घसरत पलीकडे पोहोचतात. एकदा ती बॅट खजिनदारांच्या चहाच्या थर्मासवर पडली. खजिनदार म्हणाले, "अहो, बॅट हातात घेऊन पळा की!" दाजी विजारीची धूळ झटकत उसळले, "काम झाल्यावर बॅट घेऊन पळायचं? जेवण झाल्यावर ताट घेऊन फिरता का तुम्ही गावभर?" गणपतीत कुणीतरी त्यांची ओळख "नामवंत क्रिकेटपटू" अशी करून दिली. दाजींनी माईक ओढून घेतला आणि आरतीच्या तबकातली निरांजनं विझेपर्यंत बेसबॉलचे नियम सांगितले. त्यांची लेक खाली मान घालून पुटपुटत होती, "बाबा, प्लीज, नॉट हियर."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.कॉम. होऊन इथे आलो, तेव्हा सुरुवातीला हमद टाउनमधल्या त्यांच्या हॉलमध्ये मला जागा मिळाली. माझ्या पहिल्या नोकरीत सुट्टीच्या दिवशी कामाला बोलावलं, तर दाजी स्वतः जाऊन मॅनेजरशी भांडून आले होते. म्हणूनच गेल्या हिवाळ्यात जे झालं ते माझ्या घशाखाली उतरत नाही. दुबईच्या संघाचा फोन आला: त्यांचा कॅचर जखमी आहे, दोन महिने येता का? दाजींचा गुडघा कुरकुरतो, पुढच्या वर्षी चाळिशी लागते. हे बोलावणं शेवटचं, हे त्यांनाही कळत होतं. पण गॅरेजात एसीचं काम करणारे दोघंच, आणि मालकाची अट अशी की एका वेळी एकालाच रजा. त्याच आठवड्यात दुसऱ्यानेही रजा मागितली. तो सावंतवाडीचा, पस्तिशीला आलेला, परदेशात राहतो म्हणून पाच ठिकाणी नकार खाल्लेला. एका मुलीकडून होकार आला होता. बघणं, साखरपुडा, लग्न सगळं एका दमात उरकायचं होतं. दाजींनी आपला अर्ज मालकाकडे नेलाच नाही.

"त्याला फोनचं सांगितलं तरी का?" मी ताईसमोरच विचारलं.

"कशाला? पोरगी बघायला जाताना मनात किल्मिष नको."

"दाजी, तुम्ही टोमॅटोच्या भावावरून दुकानदाराशी भांडता. मालकाशी एकदा भांडायचं होतंत."

"पाव्हणं, आमच्यात बंट मारतात. चेंडू मुद्दाम हळू ढकलायचा. मारणारा आऊट होतो, पण तेवढ्यात आधी पळून मधे थांबलेला गडी एक बेस पुढे सरकतो."

"आणि मारणाऱ्याला काय मिळतं?"

"काय न्हाय. ती खेळी त्याच्या सरासरीत धरतच न्हाईत."

"मग धरायला पाहिजे," मी म्हणालो. ताई पदराने डोळे टिपत आत गेली.

सावंतवाडीकर लग्न करून आला, पेढे वाटले, सगळ्यात मोठा डबा दाजींना दिला. दाजींनी त्याच्यासाठी काय सोडलं, हे त्याला आजही ठाऊक नाही, आणि मी सांगायचं नाही असं दाजींनी बजावलंय. मी सांगत नाही, पण तो समोर आला की माझं तोंड वाकडं होतंच.

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो, तर दाजी मोबाइल टीपॉयला टेकवून दुबईची मॅच बघत होते. त्यांच्या जागेवर दुसराच कोणी मास्क घालून बसला होता. पुढचा चेंडू कोणता टाकायचा, हे कॅचर मांडीच्या आड बोटांनी खुणावतो. दाजींचा उजवा हात आपोआप खाली गेला आणि दोन बोटं हलली. मोबाइलमधल्या पिचरने भलताच चेंडू टाकला आणि समोरच्याने तो पार बाहेर भिरकावला. आता आवाज चढणार म्हणून मी दाराशीच थांबलो. पण दाजी हलक्या आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी वेगळा मागितला होता." आणि पुढच्या चेंडूसाठी त्यांचा हात पुन्हा खाली गेला.