घडीच्या पाटावरचा कागदी

उभ्या जुन्नर पेठेत एक तावसुद्धा कागद न करता रोज पहाटे कागद करून घामाघूम होणारा माणूस एकच झाला, आणि तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. याहून हट्टी माणूस आपण पाहिला आहे असं कोणी म्हणत असेल तर त्याने खुशाल म्हणावं. मी तालमीच्या मातीत वाढलेला माणूस, हट्टाची मला चांगली ओळख आहे. पण माझा हट्ट त्याच्या हट्टाशेजारी ठेवला तर लोण्याचा गोळा वाटला असता. शाळेची चार बुकं मी शिकलो, पाचवं मास्तरांनी माझ्या डोक्यात घातलं, तेव्हा लिहिण्यात चूकभूल असायचीच. माणूस मात्र मी जसा पाहिला तसाच सांगणार आहे, आणि त्यात कोणाची दुरुस्ती ऐकून घेणार नाही.

त्याच्या किती पिढ्या कागद करत आल्या ते त्यालाही ठाऊक नव्हतं. जुनी गोणपाटं चुन्यात भिजवायची, पायाने चालवायच्या मोठ्या लाकडी कुटण्याखाली कुटायची, नदीत धुवायची, आणि तो लगदा हौदातल्या पाण्यात कालवायचा. मग कागदी हौदाच्या काठावर बसतो, गवताच्या काड्यांची बारीक चटई ताणलेली चौकट, म्हणजे साचा, दोन्ही हातांनी धरतो, कमरेत वाकून पाण्यात बुडवतो आणि उचलतो. पाणी गळून गेलं की चटईवर जो पातळ थर राहतो तो एक ताव. चोवीस तावांचा एक दस्ता. दिवसाला असे दहा-बारा दस्ते, म्हणजे अडीच-तीनशे वेळा ओलं ओझं घेऊन वाकायचं आणि सरळ व्हायचं, पाठीला टेकू नाही. लहानपणी आम्ही त्याचा बाप हौदावर बसलेला बघायला जायचो. अंगावर मांस नव्हतं, पण पोट असं की वर जात्याची तळी ठेवावी.

मग गिरणीचा कागद आला. पांढराशुभ्र, गुळगुळीत, आणि स्वस्त. कचेऱ्यांनी जुना कागद घेणं बंद केलं, पाठोपाठ दुकानदारांनी केलं. कागदी मोहल्ल्यातले हौद एकामागून एक कोरडे पडले. त्याचे दोन भाऊ मुंबईला गेले, एक चुलता प्लेगात गेला, उरलेले तांबटाच्या नाहीतर भाजीच्या धंद्याला लागले. त्याचा हौद शेवटी बंद झाला आणि त्यात कडबा भरला. सगळा मोहल्ला धंदा गेला म्हणून रडत होता. हा रडला नाही. याला धास्ती पडली ती वेगळीच.

"धंद्याचं काय, आज गेला, उद्या यील," तो मला म्हणाला. "कंबर एकडाव गेली की न्हाई येत, पैलवान. उद्या कुणी दारात आला, कागद पायजे म्हनला, आन् माझं वाकनं व्हईना, तर?"

मी म्हणालो, तालमीत ये, बैठका मार.

"तुमच्या तालमीत मानूस पाडायला शिकिवत्यात. मला कुणाला पाडायचं न्हाई. मला नुसतं वाकायचं हाय."

माझ्या तालमीबद्दल असं बोलणारा दुसरा कोणी असता तर त्याला मी तिथेच वाकवून दाखवला असता. याला सोडला, कारण भाभीने, म्हणजे त्याच्या बायकोने, नुकताच चहा टाकला होता.

त्यानंतर त्याची यंत्रं सुरू झाली. घर दोन खणांचं. त्यातला पुढचा खण एका बांगडीवाल्याला राहायला दिलेला; मागच्या खणात हा, भाभी, म्हातारी आई, तीन मुली, चूल आणि एक शेळी. तिथे व्यायामाला जागा म्हणजे एका चटईएवढी, तीही आई कुशीवर वळली तर. म्हणून त्याचं प्रत्येक यंत्र घडीचं. पहिलं होतं कंबरपाट. सागवानी फळी, बिजागऱ्या लावून भिंतीशी जखडलेली. दिवसा ती उभी, नाहीतर आडवी करून भांड्यांची फळी. पहाटे भांडी उतरवायची, फळी खाली पाडायची, तिच्या काठावर हौदाच्या काठावर बसतात तसं बसायचं, पाय दोरीच्या फासात अडकवायचे, आणि हातात ओल्या साच्याच्या नेमक्या वजनाची वाळूची पिशवी धरून वाकायचं. वजन नेमकं म्हणजे नेमकंच. एकदा भाभीने त्यातली मूठभर वाळू तवा घासायला काढली, तर दुसऱ्या दिवशी पहिल्याच वाकण्याला हा थांबला आणि म्हणाला, "कुनी हात लावला?" भांडी उतरवायला तो आठवड्यातून एकदा तरी विसरायचा. आमच्या आळीला पहाटेची जाग कोंबड्याने यायच्या आधी त्या पितळेने यायची.

आणि मोजायचा कसा, तर दस्त्यांत. शंभर झाले, दोनशे झाले असं कधी त्याच्या तोंडून ऐकलं नाही. सकाळी भिंतीपलीकडून मी विचारायचो, "काय, किती?"

"सहा दस्तं."

"कुठं हायत? दाव की."

"वाळत घातल्यात," तो म्हणायचा, आणि गोणपाटं शिवायला बाजारात निघून जायचा. पोट त्याच्यावर चालायचं. कागदाच्या पोटात जाणारं गोणपाट हा आता धान्यासाठी शिवत होता, आणि त्याचं त्याला वाईट वाटतंय असं त्याने कधी दाखवलं नाही.

दुसरं यंत्र बांबूचं. बांबू त्याला भीमाशंकराच्या रानातलाच लागायचा. एक कोळी ओळखीचा होता तो आणून द्यायचा. चार बांबू मधोमध खिळ्याने जोडलेले, वर काथ्याची जाळी. उलगडलं की बाजेसारखं दिसायचं, आणि पोटात जोर धरून बसलं नाही तर छत्रीसारखं मिटायचं. हीच त्याची खुबी होती, की ते आळशी माणसाला सहन करत नव्हतं. थोरल्या मुलीला पाहायला मंचरचे पाहुणे आले तेव्हा ते नेमकं उलगडलेलं राहिलं. मुलाचा बाप अंगाने भरलेला. त्याला वाटलं आपल्यासाठी बाज टाकली आहे. तो बसला आणि मिटला. नुसते पाय आणि फेटा दिसत होता. भाभी तोंडात पदर घालून चुलीकडे पळाली, मी खांब धरला. आमच्या कागद्याने शांतपणे चारही बांबू सोडवले आणि म्हणाला, "पावनं, श्वास पोटात धरायचा व्हता."

लग्न मोडलं असंच आम्हाला वाटलं. पण पाहुणा उभा राहिला, डावीकडे वळला, उजवीकडे वळला, आणि हळूच म्हणाला की दोन वर्षांची उसण गेली. लग्न जमलं. जमलं एवढंच नाही, पाहुण्याने जाताना तसलंच एक यंत्र मागितलं. गोष्ट पसरली. घोडेगावचा एक दुकानदार आला, लोणीचा एक पाटील आला, ज्यांना स्वतःच्या पायाचे अंगठे बरीच वर्षं दिसले नव्हते असे लोक त्याच्या दाराशी येऊन बसले. हव्या त्या किमतीला घ्यायला तयार.

याने एकालाही दिलं नाही.

"तुमी कागद करनार हाय का?" तो प्रत्येकाला विचारायचा. समोरचा नाही म्हणाला की, "मंग कंबर कशापायी पायजे?"

त्या दिवशी भाभी माझ्यापाशी येऊन रडली. रडणारी बाई नव्हती ती. "पैलवान भाऊ, तुमी तरी सांगा. दोन पोरी उजवायच्या हायत. लोक दारात उबं हायत आन् ह्यो मानूस येनार न्हाई त्याची वाट बगतुय." मी सांगितलं. चांगलं तासभर सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "तुजी तालीम विकतो का?" मी त्याच्याशी दोन महिने बोललो नाही. पहाटे भांडी पडायची तेवढाच आमचा संबंध.

आठ वर्षं अशी गेली. आणि मग, खरं सांगतो, माणूस आला.

भीमाशंकराच्या वाटेवरच्या एका वाडीचे म्हातारे भटजी होते. त्यांच्या आजोबांची पोथी ओलीने सडत चालली होती. नवी उतरवायला त्यांनी गिरणीचा कागद घेतला, तर तिकडच्या पावसाने चार वर्षांत त्याचा भुगा झाला. आजोबांची पोथी दोन पिढ्या टिकली ती जुन्नरी कागदावरची होती. विचारत विचारत ते मोहल्ल्यात आले आणि लोकांनी हसत हसत त्यांना याच्या दाराशी आणून सोडलं. दहा दस्ते हवे होते. म्हणजे हौदावरच्या माणसाचं एका दिवसाचं काम.

त्याने लगेच हो म्हटलं नाही. आत गेला, पाट पाडला, चार वेळा वाकून आला, आणि मग म्हणाला, "महिन्यानं या."

हौदातला कडबा मी उपसला. आमचं बोलणं पुन्हा कधी सुरू झालं होतं ते आठवत नाही. कुटण्यावर पाय द्यायला माणूस नव्हता, तेव्हा मी म्हणालो मी देतो, त्यात काय आहे. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझी कंबर माझ्या मालकीची राहिली नाही. भाभी म्हणाली, "भाऊ, ह्यांच्या पाटावर निजता का जरा?" मी काही न ऐकल्यासारखं करून संध्याकाळपर्यंत पाय मारला. वीस दिवस मारला. कुकडी नदीच्या पाण्यात कमरेएवढं उभं राहून आम्ही लगदा धुतला, आणि एका सकाळी हा हौदावर बसला. मोहल्ल्यातली म्हातारी माणसं येऊन उभी राहिली. 

तो वाकला. त्या वाकण्याचं मी काय वर्णन करू. कुस्तीत मी पुष्कळ पाठी पाहिल्या, पण तेल घातलेलं दार फिरावं तशी फिरणारी पाठ ती एकच. साचा बुडाला, वर आला, पाणी गळालं. त्याने ताव पाहिला आणि पुन्हा हौदात सोडला. दुसरा उचलला, सोडला. मला वाटलं त्याची काहीतरी रीत असेल. पण विसावा गेला, पन्नासावा गेला. मी जवळ जाऊन पाहिलं. मला तर कागद चांगला दिसत होता.

"डाव्या कोपऱ्यात जाड हाय," तो म्हणाला.

"कुनाला दिसतंय?"

"शाईला."

ऊन डोक्यावर आलं. कंबर एकदाही थांबली नाही. पाणी गळत असताना साचा जरासा हलवायचा असतो, म्हणजे लगदा सगळीकडे सारखा बसतो. ते हलवणं मनगटात असतं, आणि मनगट विसरलं होतं. शेवटी त्याने साचा मांडीवर घेतला आणि स्वतःच्या हातांकडे बघत बसला. "आठ वरसं कंबर जपली," तो म्हणाला. "हाताला इचारलंच न्हाई." उभी असलेली म्हातारी माणसं एकेक करून निघून गेली. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

दिवे लागेपर्यंत त्याने स्वतःच्या पसंतीचे चाळीस ताव काढले. दुसऱ्या दिवशी मनगट भाकरीसारखं सुजलं. चौथ्या दिवशी उन्हाने हौदातला लगदा आंबला.

भटजी आले तेव्हा खळ लावून, दगडाने घोटून, ते चाळीस ताव फडक्यात बांधून ठेवले होते. "म्हाराज, येवढंच झालं," तो म्हणाला. "बाकीची पोथी पाठ करा."

भटजी रागावले नाहीत. त्यांनी एक ताव उजेडाकडे धरला, बराच वेळ धरला. "पाठ मला आहेच रे," ते म्हणाले. "माझ्या मागं कोणाला नाही, म्हणून तर कागद." चाळीस ताव त्यांनी कपाळाला लावले आणि उरलेल्यासाठी पुढच्या उन्हाळ्यात येतो म्हणून गेले. पुढच्या उन्हाळ्यात ते आले नाहीत. वाडीकडचा कोळी बांबू घेऊन आला, त्याला विचारलं, तर तो नुसता मान हलवून खाली बसला.

आता तरी हा सोडेल असं आम्हाला वाटलं. त्याने मनगटाचं यंत्र केलं. बाभळीच्या दोन चिपा, मध्ये चामड्याचा पट्टा, मिटलं की मुठीत मावायचं. त्याला दोन्ही टोकांना धरून हलवायचं, हौदावर हलवतात तसं. सुजलेलं मनगट पुरतं बसलंही नव्हतं. मी ते पाहिलं आणि माझा पाराच चढला. म्हणालो, "आता कोन येनार हाय तुज्याकडं? कुनासाठी करतो हे?"

त्याने पट्टा आणखी चार वेळा हलवला. मग म्हणाला, "कागद संपायचा तर संपू दे, राव. माज्यामुळं संपला, असं व्हायला नको."

 मी समोर बसलो आणि पट्ट्याचं दुसरं टोक धरलं. "असं न्हाई," तो म्हणाला, "बोटं सैल सोड." त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसून ते हलवायचो. बांगडीवाला हसायचा, त्याला हसू दिलं. असं पाच वर्षं चाललं. एका हिवाळ्यात त्याला ताप आला, आणि सहा दिवसांत तो गेला. भाभी मुलीकडे मंचरला गेली.

माझं वय झालं. गुडघे गेले, तालीम सुटली, पण माझी मनगटं अजून हलकी आहेत. साचा हलवावा तशी हलतात. साचा बुडवायचा किती आणि उचलायचा कधी, ते मात्र मी त्याला विचारलं नव्हतं.