मावशीची रुमालांची टोपली

माझी मावशी शिलाईकाम करायची आणि उरलेल्या वेळात बायकांच्या डोक्यांवर लक्ष ठेवायची. पडद्यांच्या जाळीचे तुकडे उरले की ती त्यांचे रुमाल शिवी आणि चर्चच्या दाराशी टोपलीत ठेवी. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, कुणी बाई उघड्या डोक्याने आली, की मावशी मागून जाऊन रुमाल टाकून मोकळी. विचारणं-बिचारणं काही नाही.

"डोकं झाकायची आता सक्ती राहिली नाही, बाई," फादर म्हणाले. "ज्यांना हवं त्यांनी घ्यावं."

"मला हवंय ना!" मावशी म्हणाली. फादरांनी हात टेकले.

या हट्टापायी पोटची पोर, आमची ताई, मात्र दुरावली. ताई नर्स. एकदा रात्रपाळी करून ती तशीच मिस्सेला आली, तर मावशीने सगळ्यांदेखत तिच्या डोक्यावर रुमाल टाकला. ताईने तो काढून आईच्या हातात ठेवला. "मी देवाकडे आलेय, तुझ्या तपासणीला नाही," म्हणाली आणि निघून गेली. तेव्हापासून दर रविवारी ती मावशीला स्कूटरवरून फाटकाशी सोडायची आणि बाहेरच थांबायची. आत मावशी शेजारची जागा पिशवी ठेवून अडवायची. कुणी विचारलं तर, "माणूस यायचंय." कोण येणार होतं, डोंबल! मला तर दोघींचाही राग यायचा. दोघी सारख्याच हट्टी, एकीने झाकावं नि दुसरीने काढावं.

पुढे मावशीला मोतीबिंदू झाला. ऑपरेशन म्हटलं की कानांवर हात. सुई माझ्याकडून ओवून घ्यायची आणि वर, "मला सगळं दिसतं!"

मग एका रविवारी शेवटच्या बाकावर तिला लांब मोकळे केस दिसले. टाकला रुमाल. तो निघाला प्लंबर! चर्चमध्ये पुरुषांनी डोक्यावरचं काढून बसायचं, आणि हा गडी दाढीवर लेस सोडून बसलेला. सगळे हसू दाबत होते. पण भला माणूस, म्हातारीचं मन मोडायला नको म्हणून त्याने मिस्सा संपेपर्यंत रुमाल काढला नाही. तसाच बाहेर आला. फाटकाशी ताईची हसून मुरकुंडी वळली.

मावशीला कळलं तेव्हा ती घरी येऊन मशीनवर झाकण टाकून बसली. जेवली नाही. "आता चर्चला जाणं बंद," म्हणाली. "कुठल्या तोंडाने जाऊ?"

ताईचं हसू पार मावळलं. "जायचं," ती म्हणाली. "मी बसेन शेजारी, तुला दिसत नाही तर मी सांगेन. पण माझं डोकं असंच राहील, आधीच सांगून ठेवते."

मावशीने मशीनवरचं झाकण काढलं.

पुढच्या रविवारी ताईने ती पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बसली. मावशीच्या मांडीवर एक रुमाल होताच. मिस्सा निम्मी झाली आणि तिचा हात सवयीने वर गेला. मेलो, आता पुन्हा भडका! पण रुमाल मांडीवरच होता. नुसता हात ताईच्या केसांवर जाऊन टेकला.

मागची बाई कुजबुजली, "अहो, मुलीच्या डोक्यावर काहीच नाही!"

"माझा हात आहे ना," मावशी म्हणाली. "तुम्ही पुढे बघा."