बाईंचा कच्चा शेरा

बाईंनी तपासणीत शाळेला कच्चा शेरा दिला, तरी तिथले गुरुजी त्यांना एसटीत बसवून द्यायला यायचे. मी पक्का शेरा द्यायचो, तरी माझी बोळवण फाटकापर्यंतच. यावरून मी किती जळायचो, हे निवृत्तीनंतर सांगायला आता कसली लाज.

आम्ही दोघंही केंद्रप्रमुख, पाथर्डीकडच्या कोरडवाहू भागात. नवा अभ्यासक्रम आला आणि तो वर्गात खरंच उतरलाय का, हे बघायचं काम आमच्या गळ्यात पडलं. मी आदल्या दिवशी फोन करायचो, 'उद्या येतोय.' मग दारात रांगोळी, भिंतीवर नवे तक्ते, टेबलावर फायली, शाल, नारळ. बाई न सांगता जायच्या. कुणी नारळ दिलाच, तर तिथंच फोडून पोरांना वाटायच्या.

फायली त्या शेवटी बघायच्या. आधी सतरंजीवर पोरांत बसायच्या आणि शाळा सुटली की एखाद्या पोरीच्या घरी जायच्या. आईला विचारायच्या, 'पोरगी शाळेतलं घरी काय सांगती?' मी एकदा टोमणा मारला, 'बाई, तपासणी करता की सोयरीक जमवता?' त्या शांतपणे म्हणाल्या, 'सर, पोरीनं घरी सांगितलं तेवढंच शिकवलेलं. बाकीचं आपल्यासाठी असतं.' मला त्यांचा जास्तच राग आला.

मी 'पूर्ण अंमलबजावणी' लिहिलेल्या एका शाळेत फेरतपासणीला तालुक्याच्या शिक्षण साहेबांनी बाईंनाच पाठवलं. दुसऱ्या गुरुजींची बदली झालेली, चार वर्गांना एकच मास्तर. हे मला ठाऊक होतं, पण फॉर्मात त्याला रकाना नव्हता. बाईंनी आधी मला फोन केला. 'सर, नव्या अभ्यासक्रमाचं खेळाचं साहित्य अजून खोक्यातच आहे. तुम्ही परत जाऊन शेरा बदला, तोवर मी थांबते.' म्हणजे माझी अब्रू राखायला निघाल्या होत्या. 'तुमचं तुम्ही लिहा,' म्हणून मी फोन ठेवला. त्यांनी खरं ते लिहिलं. साहेबांनी मला सगळ्यांदेखत झापलं आणि मी बाईंशी वर्षभर बोललो नाही.

त्यांच्या निरोपसमारंभाला गेलो, तो कोण कोण रडतं ते बघायला. त्या शाळेचे गुरुजी शेजारी येऊन बसले. मी म्हटलं, 'बाईंनी तुमची एवढी शोभा केली, तरी आलात?'

गुरुजी म्हणाले, 'बाईंनी कच्चं लिवलं, म्हनून तर दुसरा मास्तर आला, सर. तुमी पक्कं लिवलं हुतं, तवा कोन फिरकलंच न्हाई.'

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. नोकरीभर मी किती शाळांना शेरे दिले, ते मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या आठवू लागलं. सगळे पक्केच होते.